गोठलेल्या जमिनीतली पुरातत्त्वस्थळं आणि तापमानवाढ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रीनलँड, अलास्का, सायबेरिया आणि मध्य आशियातला अल्ताई पर्वत इथल्या गोठलेल्या जमिनीत दडलेल्या मानवी वस्त्या, उकिरडे आणि थडगी यांच्याबद्दल विद्यार्थी आणि जिज्ञासू वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची ही उत्तरं. काही लांब आहेत, कारण विषय तिथे गुंतागुंतीचा आहे.

पर्माफ्रॉस्ट म्हणजे बर्फच ना?

नाही. सलग किमान दोन वर्षं ज्या जमिनीचं तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं नाही, ती पर्माफ्रॉस्ट. ती माती असेल, रेव असेल, पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) असेल किंवा नुसता कातळही असेल. तिच्यात बर्फ किती, हे जागेवर अवलंबून. कोरड्या कातळात जवळजवळ नसतोच, सायबेरियातल्या काही गाळात मात्र आकारमानाने निम्म्याहून जास्त बर्फच असतो.

तिच्या डोक्यावर एक थर असतो, जो दर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. त्याला सक्रिय थर म्हणतात. कुठे तो ३० सेंटीमीटर असतो, कुठे दोन मीटर. या थराचा तळ दरवर्षी किती खाली सरकतो, यावर खालच्या वस्तूंचं भवितव्य ठरतं.

नॉर्वेतल्या लेंडब्रीनसारख्या ठिकाणी वितळत्या हिमपट्ट्यांतून बाहेर येणाऱ्या वस्तू, किंवा १९९१ मध्ये आल्प्समध्ये सापडलेला, बर्फात टिकून राहिलेला प्राचीन माणूस 'एट्झी', हे वेगळं प्रकरण आहे. तिथे वस्तू बर्फात असते, इथे ती मातीत असते. दोन्हींच्या अडचणी वेगळ्या, म्हणून इथे फक्त जमिनीबद्दल.

अशा जमिनीत वस्तू इतक्या टिकतात कशामुळे?

तीन गोष्टी एकत्र येतात. थंडीमुळे जिवाणू आणि बुरशी यांचं काम मंदावतं. पाणी बर्फाच्या रूपात अडकल्यामुळे त्यांना ते वापरता येत नाही. आणि बर्फाने भरलेल्या मातीत प्राणवायू शिरत नाही. त्यामुळे लाकूड, कातडं, केस, गवती टोपल्या, पिसं, देवमाशाच्या तोंडातली झालर, किडे आणि उवासुद्धा राहतात. आपल्याकडे इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन घरांचे खांब मिळाले नाहीत, खांबांचे खड्डे मिळाले. ग्रीनलँडच्या काजा इथे दगडी हत्याराला बसवलेली लाकडी मूठ जशीच्या तशी मिळते. एवढा फरक पडतो.

१९८६ मध्ये ग्रीनलँडच्या केकेर्तासुस्सुक इथल्या गोठलेल्या थरातून केसांचा एक पुंजका निघाला होता. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या त्या माणसाचा जवळजवळ पूर्ण जनुकसंच २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. प्राचीन माणसाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. केस तेवढे राहिले होते, म्हणून.

मग आता नेमकं काय बिघडतंय?

१९७९ पासून आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. त्यातून स्थळांवर चार बाजूंनी घाव पडतात. सक्रिय थर खोल जातो. किनारे आणि नदीकाठ ढासळतात. जमिनीतला बर्फ वितळून पृष्ठभाग खचतो. आणि पूर्वी जिथे फक्त शेवाळ होतं, तिथे विलोची झुडपं येतात. झुडपांची मुळं थरांत घुसतात हे उघड आहे. त्यापेक्षा फसवी गोष्ट अशी की झुडपं हिवाळ्यात भुरभुरता बर्फ अडवून ठेवतात. जाड बर्फ म्हणजे जमिनीवर घातलेली गोधडी. तिच्याखाली जमीन हिवाळ्यात हवी तेवढी थंड होत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात लवकर वितळते. टुंड्रात वणवा लागला तर उलट बाजूने तेच होतं: उन्हापासून जपणारं शेवाळाचं आवरण जळून जातं.

बर्फ वितळला की वस्तू लगेच कुजायला लागते का?

सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहे. उत्तर: पाणी निचरून जातं की थांबून राहतं, त्यावर ठरतं.

प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारावा हिस्सा वेगाने तो पाण्यातून पसरतो. म्हणून वितळलेला पण पाण्याने तुडुंब भरलेला थर अजूनही बऱ्यापैकी सुरक्षित असतो. विहिरीतलं किंवा दलदलीतलं लाकूड शतकानुशतकं टिकतं, तसंच. पण तोच थर उतारावर असेल, शेजारी नदीने काठ कापला असेल किंवा खालचा बर्फ वितळून पाण्याला वाट मिळाली असेल, तर पाणी जातं, त्याच्या जागी हवा येते आणि कुजणं सुरू होतं. दोन अंशांच्या तापमानवाढीपेक्षा एक नवा ओहोळ जास्त नुकसान करू शकते.

काजा हे याचं चांगलं उदाहरण. इलुलिसात हिमफियोर्डच्या, म्हणजे हिमनगांनी भरलेल्या अरुंद खाडीच्या, काठावर सुमारे तीन मीटर जाडीचा उकिरडा आहे. तळाशी साक्काक लोकांचा थर, वर डोर्सेट, त्यावर थुले, अशा एकामागून एक आलेल्या तीन जुन्या संस्कृती. उकिरड्याची दैनाही बारा वर्षांनी फिटते म्हणतात, इथे चार हजार वर्षं लागली. डेन्मार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयातले संशोधक आणि त्यांचे सहकारी तिथे तापमान, ओलावा आणि प्राणवायू मोजत आले आहेत. त्यांच्या कामातून दिसतं ते हेच: उकिरड्याचा गोठलेला आणि ओला भाग ठीक आहे, काठाकडचा निचरा झालेला भाग धोक्यात आहे. वरून पाहणाऱ्याला दोन्ही ठिकाणी सारखंच हिरवं गवत दिसतं.

कुजणारी जमीन स्वतःच गरम होते, हे खरं आहे का?

खरं आहे. शेणखताच्या ढिगात हात घातला तर आतून ऊब लागते, तोच प्रकार. जिवाणू सेंद्रिय पदार्थ खातात तेव्हा उष्णता सुटते. हाडं, चरबी, कातडी आणि पीट यांनी भरलेले उकिरडे म्हणजे या जिवाणूंची पंगतच. हवा पोचली की उष्णता वाढते, उष्णतेने आणखी बर्फ वितळतो आणि पाणी निचरलं तर आणखी हवा शिरते. काही परिस्थितीत हे चक्र बाहेरच्या हवामानाच्या मदतीशिवायही पुढे जाऊ शकतं, असं २०१५ मध्ये ग्रीनलँडच्या मातीवरच्या प्रयोगांतून मांडलं गेलं. म्हणूनच 'अजून सरासरी तापमान शून्याखाली आहे, तेव्हा काळजी नको' हे म्हणणं उकिरड्यांना लागू पडत नाही.

किनाऱ्यावरची स्थळं इतक्या झपाट्याने का जातात?

गोठलेला कडा कठीण असतो, पण त्याची कठीणता उसनी असते, बर्फाकडून घेतलेली. लाटा कड्याच्या पायथ्याशी खाच पाडतात. खाच आत गेली की वरचा भाग अधांतरी राहतो आणि जमिनीतल्या उभ्या बर्फाच्या भेगेवर तुटून अख्खा ठोकळाच खाली येतो. काही दिवसांत लाटा तो धुऊन नेतात. पूर्वी शरदातल्या वादळांच्या आधी समुद्र गोठायचा आणि ते बर्फाचं कवच किनारा वाचवायचं. आता समुद्र उशिरा गोठतो आणि वादळ उघड्या किनाऱ्यावर येऊन आदळतं.

अलास्कातलं नुनालेक पाहा. युपिक या तिथल्या मूळ रहिवाशांच्या क्विनहागाक गावाजवळ, बेरिंग समुद्राच्या काठी मातीच्या ढेकळांनी बांधलेली ही जुनी वस्ती. सतराव्या शतकात हल्ला होऊन ती जळाली आणि पेटलेलं छप्पर कोसळून जमिनीवरचं सगळं त्याखाली बंद झालं. २००९ पासून स्कॉटलंडच्या ॲबर्डीन विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ आणि गावाची कंपनी यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. तुकडे धरून एक लाखाच्या वर वस्तू निघाल्या: मुखवटे, बाहुल्या, बायकांचे 'उलू' सुरे, गवती दोर, केस. पण समुद्र थांबला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये मर्बोक वादळाच्या अवशेषांनी पश्चिम अलास्काचा किनारा झोडपला. ऑक्टोबर २०२५ मध्ये हालोंग वादळाचे अवशेष आले आणि त्यात नुनालेकचा काठ मोठ्या प्रमाणात वाहून गेला. असंख्य वस्तू वाळूत विखुरल्या आणि गावकऱ्यांनी किनारा पालथा घालून हाती लागल्या तेवढ्या गोळा केल्या.

कॅनडाच्या हर्शेल बेटावर, म्हणजे किकिक्तारुकवर, देवमासे मारणाऱ्यांच्या काळातल्या इमारती उचलून आत सरकवाव्या लागल्या. इमारत सरकवता येते, उकिरडा येत नाही.

इतक्या स्थळांपैकी आधी कुठलं वाचवायचं?

आर्क्टिकमध्ये किमान १,८०,००० स्थळांची नोंद आहे. सगळी खणणं अशक्य, आणि तसं करूही नये. निवड करताना आम्ही साधारण या क्रमाने पाहतो.

पहिलं, सेंद्रिय वस्तू खरोखर टिकल्या आहेत का? पुष्कळ स्थळांवर त्या आधीच गेल्या आहेत, दगड तेवढे उरलेत. ते थांबू शकतं. एक लहान चाचणी-खड्डा आणि दोन-चार लाकडाचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली, एवढ्याने बरंच कळतं.

दुसरं, पाणी. उतार, निचरा, पाऊस. ग्रीनलँडच्या नूक परिसराच्या अभ्यासातून २०१९ मध्ये असा अंदाज निघाला की पुढच्या ८० वर्षांत मानवी वस्तीच्या थरांतला ३० ते ७० टक्के सेंद्रिय कार्बन नाहीसा होऊ शकतो. सर्वांत जास्त धोका फियोर्डच्या आतल्या, कमी पावसाच्या आणि उन्हाळ्यात जास्त तापणाऱ्या भागात, म्हणजे नेमक्या स्कँडिनेव्हियातून आलेल्या नॉर्स शेतकऱ्यांच्या वाड्या होत्या तिथे.

तिसरं, काठ किती लांब आहे आणि दरवर्षी किती मागे येतो. चौथं, हे स्थळ एकमेव आहे की अशी पन्नास आहेत.

लाटांनी कोसळणाऱ्या स्थळांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, म्हणून पैसा तिकडे जातो. आतल्या भागात गवताखाली गुपचूप कुजणाऱ्या स्थळाचा फोटो काढता येत नाही. आमच्या मते पुढच्या काही दशकांत खरं मोठं नुकसान तिथे होणार आहे.

एखाद्या स्थळावर लक्ष ठेवायचं, तर कमीत कमी काय लागतं?

वितळण्याची खोली: साधारण एक सेंटीमीटर जाडीची, दीड मीटर लांबीची पोलादी सळई. उन्हाळा संपताना ती ठरलेल्या चौकटीतल्या बिंदूंवर दाबायची, गोठलेल्या थरावर 'टक्क' लागते तिथवरची खोली मोजायची. दरवर्षी त्याच आठवड्यात. खुद्द मानवी वस्तीच्या थरांत सळई मारायची नाही, शेजारी मारायची. दगडावर लागलेली 'टक्क' बर्फाची समजणं ही नेहमीची चूक. शंका आली तर हातभर बाजूला पुन्हा पाहायचं.

तापमान: ५, २०, ५० आणि १०० सेंटीमीटरवर संवेदक आणि दर दोन-तीन तासांनी नोंद करणारा लॉगर. बसवण्याआधी सगळे संवेदक बर्फ-पाण्याच्या बादलीत ठेवून शून्य दाखवतात का ते तपासायचं, कारण इथे अर्ध्या अंशाची चूक म्हणजे 'गोठलेलं' आणि 'वितळलेलं' यातली गफलत. वायरी धातूच्या नळीतून न्यायच्या, नाहीतर कोल्हे कुरतडतात.

ओलावा: विद्युत गुणधर्मावर चालणारे संवेदक बर्फाला पाणी म्हणून ओळखत नाहीत, त्यामुळे हिवाळ्यात जमीन कोरडीठाक दिसते. तो आकडा खरा धरून लोकांनी चुकीचे निष्कर्ष काढले आहेत. फक्त न गोठलेल्या काळाचे आकडे घ्या.

काठ: कड्यापासून १, २ आणि ५ मीटरवर खुंट्यांची रांग आणि टेपने मोजमाप. जोडीला ड्रोन किंवा एक स्वयंचलित कॅमेरा.

संवेदकांसाठी खणलेला खड्डा स्वतःच पाण्याला वाट करून देतो, हेही लक्षात ठेवा. माती ज्या क्रमाने काढली त्याच क्रमाने परत भरायची, दाबायची आणि वर हिरवळ बसवायची.

गोठलेल्या थरात खणतात कसं?

संयमाने. वरची हिरवळ ढेकळांच्या रूपात कापून बाजूला रचायची आणि ओली ठेवायची, शेवटी तीच परत बसवायची असते. मग उघडा पडलेला थर उन्हावर आणि हवेवर सोडून द्यायचा. काही सेंटीमीटर सुटले की ट्रॉवेलने, म्हणजे लहान थापीने, काढायचे, नोंद करायची, माती चाळायची आणि शेजारच्या चौकोनाकडे वळायचं. तोवर पहिला पुन्हा सुटतो. एका चौकोनावरच अडून बसणारा माणूस दिवसाचा अर्धा वेळ नुसता उभा असतो, डास मारत.

कुदळ किंवा छिन्नी वापरायची नाही. गोठलेली माती आतल्या लाकडापेक्षा कठीण असते, म्हणून घाव घातला की आधी वस्तू तुटते. अल्ताईच्या उकोक पठारावर १९९३ मध्ये नताल्या पोलोस्माक यांच्या चमूने थडग्यातला बर्फ गरम पाण्याने हळूहळू वितळवला होता. तिथे बंद कक्षात स्वच्छ बर्फाचा ठोकळा होता, म्हणून ते जमलं. मातीच्या थरांवर गरम पाणी ओतलं तर चिखल होतो आणि थरांच्या सीमा पुसल्या जातात.

वितळलेलं पाणी साचतंच. चौकोनाच्या एका कोपऱ्यात खोलगा ठेवून बादलीने किंवा हातपंपाने उपसायचं, आणि ते स्थळाच्या दुसऱ्या भागात न सोडता दूर न्यायचं. सर्वांत मोठा शत्रू मात्र पाणी नव्हे, वारा. उघडं पडलेलं ओलं लाकूड किंवा टोपली तासा-दोन तासांत भेगाळते. म्हणून दिसली की ओलं कापड आणि पॉलिथिन घालायचं, सतत पाणी फवारायचं.

बाहेर काढलेल्या वस्तू कशा सांभाळतात?

ओल्या होत्या, ओल्याच ठेवायच्या. थोड्या पाण्यासह बंद पिशवीत, अंधारात, चार अंशांच्या आसपास. 'गोठलेली होती ना, मग फ्रीझरमध्ये टाकू' हा विचार घातक आहे. घरगुती फ्रीझरमध्ये पाणी सावकाश गोठून मोठे स्फटिक बनतात आणि मऊ पडलेल्या लाकडाच्या पेशी फाटतात. समुद्राजवळची वस्तू असेल तर आधी गोडं पाणी बदलत बदलत मीठ काढावं लागतं.

लाकडासाठी पॉलिथिलीन ग्लायकॉल हे मेणासारखं रसायन वापरतात. कमी रेणुभाराचं आत खोल जातं, जास्त रेणुभाराचं बाहेरच्या कमकुवत थराला आधार देतं. द्रावणाची तीव्रता पायरीपायरीने वाढवायची. घाई केली तर पाणी बाहेर पडतं पण ग्लायकॉल आत पोचत नाही आणि वस्तू आक्रसते. शेवटी निर्वात गोठण-शुष्कन, म्हणजे गोठवून निर्वातात बर्फाची थेट वाफ करून वाळवणं. चमच्याएवढ्या वस्तूला काही महिने, जाड खांबाला वर्षं लागतात. टोपली किंवा चामड्याचा कपडा सुटा काढायचा नाही, खालच्या मातीसकट फळीवर उचलायचा.

डीएनए आणि कार्बन कालमापनाचे नमुने या रसायनांच्या आधीच बाजूला काढायचे. पॉलिथिलीन ग्लायकॉल खनिज तेलापासून बनतं. त्यात किरणोत्सारी कार्बन नसतो, त्यामुळे वस्तू आहे त्याहून जुनी दिसते.

न खणता जागेवरच वाचवता येत नाही का?

काही प्रमाणात येतं. झुडपं मुळाशी कापणं, वाळू-माती आणि हिरवळीचा जादा थर घालणं, पाण्याचा निचरा अडवणं आणि लोकांची पायवाट दुसरीकडे वळवणं हे स्वस्त उपाय आहेत. जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कृत्रिम कापड) खाली अंथरून वर माती टाकली तर पुढे खणणाऱ्याला सीमा कळते. गडद प्लास्टिक मात्र अंथरू नये, ते ऊन पिऊन जमीन तापवतं. रस्ते आणि पाइपलाइनच्या पायाखाली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बसवतात, पण दुर्गम भागातल्या हजारो उकिरड्यांसाठी तो खर्च कोणी करणार नाही. लाटांपुढे वाळूच्या गोण्या एखाद-दोन वर्षं मिळवून देतात.

अल्ताईतल्या प्राचीन पाझिरिक भटक्या लोकांच्या थडग्यांकडून एक गोष्ट शिकता येते. तिथे लाकडी कक्षावर दगडांचा ढीग असतो. हिवाळ्यात जड थंड हवा दगडांच्या फटींतून खाली उतरते, उन्हाळ्यात तोच ढीग ऊन अडवतो. त्यामुळे आजूबाजूची जमीन गोठलेली नसतानाही कक्षात शिरलेलं पाणी बर्फ होऊन राहिलं आणि दोन हजार वर्षांहून जुना गालिचा टिकला. अशा ढिगाचे दगड कोणी कुंपणासाठी नेले, तर हवामान बदलायची वाटही पाहावी लागत नाही.

जुन्या थडग्यांतून रोग बाहेर येतील का?

अँथ्रॅक्सचा धोका खरा आहे, कारण त्याचे बीजाणू मातीत दशकानुदशकं जिवंत राहतात. २०१६ मध्ये यमाल द्वीपकल्पावर उद्रेक झाला, २,००० हून अधिक रेनडियर आणि एक मुलगा दगावला. पण तो जनावरांमधून आला, पुरातत्त्वीय थडग्यातून नव्हे. फ्लूसारखे विषाणू त्या मानाने नाजूक असतात. अलास्काच्या ब्रेव्हिग मिशनमधल्या १९१८ च्या फ्लूबळींच्या फुप्फुसांतून १९५१ मध्ये जिवंत विषाणू वाढवता आला नाही. पुढे १९९७ मध्ये तिथूनच घेतलेल्या नमुन्यांनी त्याचा जनुकक्रम मात्र पूर्ण करायला मदत केली. थडगं उघडताना हातमोजे आणि मास्क वापरावेत. जनावरांच्या दफनभूमीत खणायचं असेल तर आधी पशुवैद्यकीय नोंदी पाहाव्यात.

या वस्तू कोणाच्या?

कायदा देशागणिक वेगळा. पण गावाशिवाय काम करणं आता जवळपास शक्य नाही, आणि ते बरंच आहे. क्विनहागाकमध्ये पूर्वजांच्या जागा हलवू नयेत अशी धारणा होती. समुद्र घेऊन जाण्यापेक्षा खणलेलं बरं, असं वडीलधाऱ्यांनी चर्चेनंतर ठरवलं. ॲबर्डीनला संवर्धन झालेल्या वस्तू परत आल्या आणि २०१८ मध्ये गावातच संग्रहालय उघडलं. उकोकच्या थडग्यात सापडलेली स्त्रीची ममी, म्हणजे 'राजकन्या', मात्र अल्ताईत परतायला २०१२ उजाडलं.

भारतात असं काही आहे का?

उत्तराखंडमधलं रूपकुंड जवळचं म्हणता येईल, पण ते पर्माफ्रॉस्टमधलं स्थळ नव्हे. सुमारे ५,००० मीटरवरचं, वर्षाचा बराच काळ गोठलेलं ते तळं आहे. तिथल्या ३८ जणांच्या डीएनएचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचाही सहभाग होता. मृत्यू एकाच वेळी झाले नव्हते, शेकडो वर्षांच्या अंतराने झाले होते, आणि काहींचं मूळ पूर्व भूमध्य प्रदेशाशी जुळलं. तिथला मोठा त्रास म्हणजे ट्रेकर. हाडं रचून फोटो काढतात, खिशात टाकून नेतात, आणि मग कोणतं हाड कुठलं हे कायमचं हरवतं.

स्वालबार्डला गेलो आणि वाटेत काही दिसलं तर?

हा प्रश्न मराठी वाचकांकडून येतो, कारण नॉर्वेच्या या आर्क्टिक द्वीपसमूहावर नी-आलेसुंद इथे २००८ पासून भारताचं 'हिमाद्री' केंद्र आहे आणि त्याचा कारभार गोव्यातल्या वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालतो. स्वालबार्डवर १९४६ च्या आधीची प्रत्येक मानवी खूण कायद्याने आपोआप संरक्षित आहे. गंजका खिळा, मोडकी फळी, देवमाशाच्या हाडांचा ढीग, सगळं त्यात येतं. उचलू नका, त्यावर पाय देऊ नका, शेजारी तंबू ठोकू नका. फोटो काढा, जवळ काहीतरी मापासाठी ठेवा, जीपीएसची जागा लिहा आणि राज्यपाल कार्यालयाला कळवा. फुटलेली शवपेटी किंवा हाडं दिसली तर ती झाकायचा प्रयत्नही करू नका. वर टाकलेली काळी माती ऊन शोषते आणि खालचं उरलंसुरलं लवकर वितळवते.